नकाराची जागा : वर्गणी, धर्मादाय आणि वेतनकपात यांच्या भाषेचा तौलनिक विचार

१. प्रश्नाची मांडणी

भारतीय साहित्यातील दात्यांचा विचार करू लागले, की बळी, कर्ण आणि हरिश्चंद्र ही तीन नावे प्रथम समोर येतात. तिघांच्याही मोठेपणाचे मूळ एकच आहे. मागणाऱ्याला ते 'नाही' म्हणत नाहीत. यांपैकी दोन कथांत नकाराची बाजू मांडणारे पात्रही आहे, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. कवचकुंडले मागायला इंद्र येणार आहे, अशी सूचना कर्णाला सूर्य देतो. वामनाचे खरे स्वरूप बळीला शुक्राचार्य सांगतात. दोघांचाही इशारा खरा ठरतो आणि दोघांचेही ऐकले जात नाही. मराठीने तर शुक्राचार्यांना झारीत कायमचे कोंडून ठेवले आहे. चांगल्या कामाच्या आड येणाऱ्या माणसाला आपण आजही 'झारीतील शुक्राचार्य' म्हणतो. दानाला हरकत घेणारा तो वाईट, हा निवाडा या वाक्प्रचाराने आधीच देऊन टाकलेला असतो.

राजा देतो आणि याचक घेतो, अशा कथेत हे शोभून दिसते. आधुनिक सार्वजनिक दानाची रचना मात्र वेगळी आहे. शाळा, आश्रम, पूरग्रस्तांचा निधी, गावचा उत्सव, वाचनालय ही कामे हजारो सामान्य माणसांनी थोडेथोडे दिल्याने उभी राहतात. येथे देणारा कर्ण नसतो. त्याच्या घरी आजारपण असते, डोक्यावर कर्ज असते, आणि कधी त्या कामावर त्याचा विश्वासच नसतो. म्हणून त्याने दिलेल्या रकमेला 'दान' म्हणावयाचे असेल, तर ती न देण्याची मोकळीकही त्याला असली पाहिजे. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या देणगीविषयक निबंधात असे दाखवून दिले, की वरकरणी ऐच्छिक दिसणाऱ्या देण्याघेण्याखाली देणे, घेणे आणि परतफेड करणे अशी तीन बंधने असतात. मॉसचे म्हणणे मान्य केले तरी एक प्रश्न उरतोच : ही बंधने सर्व ठिकाणी सारखीच घट्ट असतात काय? नसतील, तर कोठे सैल आणि कोठे घट्ट, हे ओळखायचे कसे?

हे ओळखण्याचे एक साधन भाषा आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. सार्वजनिक दान तीन ठिकाणी घडते : घराच्या उंबरठ्यावर, बाजारात आणि कचेरीत. या तिन्ही ठिकाणचे कागद, म्हणजे आवाहन, पावती, बिल, यादी, परिपत्रक, हे आपण सहसा वाङ्मय म्हणून वाचत नाही. ते तसे वाचले, तर नकाराला कोठे किती जागा ठेवलेली आहे, हे त्यांच्या वाक्यरचनेतूनच कळते.

२. शब्दांची साक्ष

मराठीत लोकांकडून थोडाथोडा पैसा गोळा करण्याला 'वर्गणी' म्हणतात. या शब्दाच्या अर्थात हिस्सेवारी आहे. एकूण खर्चातील आपल्या वाट्याचा भाग म्हणजे वर्गणी. गुजरातीतील 'फाळो' आणि कन्नडातील 'वंतिगे' या शब्दांतही वाटा, हिस्सा हाच अर्थ आहे. मराठीच्या या दोन शेजारभाषांनीही देण्याची ही क्रिया वाट्याच्या रूपकातून पाहावी, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वाटा उचलणारा उपकारकर्ता नसतो, भागीदार असतो.

हिंदी आणि उर्दूत यासाठी 'चंदा' हा शब्द आहे, बंगालीत 'चाँदा'. मूळ फारसी 'चंद' म्हणजे काही, थोडे. येथे वाट्याची कल्पना नाही, अनिश्चित लहान रकमेची आहे : 'काहीतरी द्या.' हाच शब्द तेलुगू आणि तमिळ भाषांतही गेला. मात्र मोठ्या अथवा ऐच्छिक देणगीसाठी तेलुगूत 'विराळम्' आणि तमिळमध्ये 'नन्कोडै', म्हणजे 'चांगले देणे', हे निराळे शब्द राहिले. मलयाळममधील 'पिरिवु' या शब्दाचा रोख देणाऱ्याकडे नाही, तो गोळा करण्याच्या क्रियेकडे आहे. थोडक्यात, एकाच व्यवहाराला कोणी वाटा म्हणते, कोणी थोडेसे म्हणते, कोणी गोळा करणे म्हणते.

मराठीतील 'वर्गणी' आणि हिंदी-बंगालीतील 'चंदा-चाँदा' या शब्दांत आणखी एक साम्य आहे. नियतकालिकासाठी भरावयाचे वार्षिक शुल्कही याच शब्दांनी ओळखले जाते. मासिकाचा 'वर्गणीदार' आणि आश्रमाचा 'वर्गणीदार' यांना मराठीने एकाच नावाने हाक मारली. गुजरातीने मात्र मासिकासाठी 'लवाजम' हा वेगळा शब्द ठेवला. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात तोट्यात चालणाऱ्या मासिकाची वर्गणी भरणे हे अनेकदा धर्मकृत्यच होते, याचे प्रतिबिंब या एकशब्दतेत पडले असावे.

'वर्गणी'ला मराठीत एक सावलीही आहे : 'खंडणी'. उत्सवाच्या दिवसांत दुकानदाराच्या तोंडी 'ही वर्गणी की खंडणी?' हा प्रश्न सहज येतो. दोन्ही शब्दांचा शेवट सारखा आहे, दोन्हींत ठरावीक रक्कम मागितली जाते, आणि मागायला येणारे चेहरेही कधी कधी तेच असतात. फरक एवढाच, की वर्गणी नाकारता येते आणि खंडणी नाकारता येत नाही. सामान्य बोलीने हा भेद तत्त्वचर्चेवाचून अचूक पकडलेला आहे. कायद्यालाही तो मान्य करावा लागला. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० साली झाला, आणि नोंदणी नसलेल्या उत्सवमंडळांना वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते.

३. उंबरठा : नकार ऐकणारा स्वयंसेवक

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंडा'ची कल्पना महाराष्ट्रभर फिरून मांडली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा राहावा, अशी ती योजना होती. लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. भागभांडवलावाचून, वर्गणीतून उभा राहिलेला कारखाना म्हणून त्याचे महत्त्व आहेच. आपल्या दृष्टीने मात्र त्याच्या नावातील 'पैसा' महत्त्वाचा आहे. रक्कम इतकी लहान ठेवली, की देणाऱ्याची ऐपत तिच्यावरून मोजता येऊ नये. ज्याने दिला त्याचा मोठेपणा नाही, ज्याने दिला नाही त्याची नाचक्की नाही.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कार्यातून 'भाऊबीज निधी' उभा राहिला. आश्रमातील मुलींना समाजाने बहिणी मानावे आणि भावाने ताटात घालावयाच्या ओवाळणीतील काही भाग त्यांना द्यावा, ही त्यामागील कल्पना. येथे रूपकाने फार मोठे काम केले आहे. विधवेच्या आणि अनाथ मुलीच्या वाट्याला त्या काळी फार तर दया येत असे. भाऊबिजेच्या संकेताने देणाऱ्याला 'दाता' या पदावरून उतरवून 'भाऊ' केले आणि घेणारीला याचक न ठेवता हक्काची बहीण केले. ओवाळणीची रक्कम भावाच्या ऐपतीवर असते, बहीण ती मोजत नाही, हा घरगुती शिष्टाचारही त्या रूपकाबरोबर आपोआप आला.

या आश्रमासाठी गावोगाव हिंडून निधी जमवणाऱ्यांत पार्वतीबाई आठवले यांचे नाव अग्रभागी आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्या अमेरिकेसही गेल्या. त्यांची 'माझी कहाणी' १९२८ साली प्रसिद्ध झाली आणि जस्टिन अ‍ॅबट यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९३० मध्ये आले. कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५चे. ही पुस्तके आपण स्त्रीशिक्षणाच्या, समाजसुधारणेच्या इतिहासाची साधने म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ती मागणाऱ्यांचीही आत्मचरित्रे आहेत. मराठी आत्मचरित्राच्या प्रारंभकाळातील काही महत्त्वाच्या कृती वर्गणी मागत दारोदार फिरलेल्या माणसांनी लिहिलेल्या असाव्यात, याचा वाङ्मयेतिहासात पुरेसा विचार झालेला नाही. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले आणि त्यासाठीही ते पुन्हा लोकांच्या दारी गेले.

दारी जाणारा स्वयंसेवक पैशाबरोबरच नकारही गोळा करतो. 'आज नाही', 'मालक घरी नाहीत', 'पुढच्या महिन्यात या' ही सर्व नकाराची सभ्य रूपे आहेत. देणाऱ्याला ती उच्चारावी लागतात, पण लिहून द्यावी लागत नाहीत. ऐकणारा ती मनात ठेवतो आणि पुढच्या दाराशी जातो. स्वयंसेवा म्हणजे वेळेचे दान, असे आपण म्हणतो. उंबरठ्यावरच्या स्वयंसेवेत त्याहून अधिक काही असते. न देणाऱ्याच्या संकोचाचा भार स्वयंसेवक स्वतःवर घेतो. नकाराचा अपमान मागणाऱ्याने सोसायचा, न देणाऱ्याने नाही, हा या व्यवस्थेचा अलिखित नियम आहे.

याहूनही अबोल असे एक रूप मिझोरममध्ये आढळते. तेथील प्रेस्बिटेरियन चर्चच्या कुटुंबांत १९१० पासून 'बुहफाइ थाम' ही रीत चालत आली आहे. 'बुहफाइ' म्हणजे सडलेले तांदूळ आणि 'थाम' म्हणजे मूठ. भात शिजत घालताना घरातील स्त्री एक मूठ तांदूळ बाजूच्या भांड्यात टाकते. चर्चच्या महिला तो तांदूळ ठरावीक दिवशी घरोघरून गोळा करतात आणि त्याच्या विक्रीतून चर्चची कामे चालतात. मूठभर धान्य बाजूला काढण्याची चाल महाराष्ट्रात आणि बंगालमध्येही होती. बंगालीत तिला 'मुष्टिभिक्षा' असे नाव आहे. मिझोरमची विशेषता अशी, की एका शतकाहून अधिक काळ ती अखंड टिकली आणि तिचे कर्तेपण स्त्रीकडे राहिले. पगार पुरुषाचा असेल, परंतु मूठ स्त्रीची. ती किती भरायची हे चुलीपाशी ठरते आणि तेथे तिसरे कोणी पाहत नसते. एखाद्या दिवशी मूठ अर्धीच भरली, तर त्याची नोंद कोठेही होत नाही. असे असले तरी गोळा करायला येणाऱ्या शेजारणीसमोर भांडे अगदीच रिकामे ठेवणे कोणाला आवडणार नाही, हेही खरे. उंबरठ्यावर दडपण नसते असे नाही. ते ओळखीच्या माणसाचे असते, आणि ओळखीच्या माणसाला अडचण सांगता येते.

४. बाजार : बिलावरचा रकाना

व्यापारी पेठांत दानाची पद्धत निराळी. प्रत्येक गाठोड्यामागे, पोत्यामागे अथवा गाडीमागे ठरावीक लहान रक्कम 'धर्मादाय' म्हणून लावायची आणि तीतून गोशाळा, पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोई, पाठशाळा चालवायच्या, ही उत्तर व पश्चिम भारतातील बाजारपेठांची जुनी चाल आहे. हिंदी प्रदेशात तिला 'धर्मादा' म्हणतात. येथे कोणी कोणाच्या दारी जात नाही. मालाच्या किमतीखाली बिलात एक वेगळा रकाना असतो आणि गिऱ्हाईक ती रक्कम मुकाट्याने भरते.

या रकान्याने न्यायालयांपुढे एक प्रश्न उभा केला, जो मुळात कोशकाराचा आहे : 'धर्म' या शब्दाचा अर्थ काय? १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने रणछोडदास वंद्रावनदास विरुद्ध पार्वतीबाई या मुंबईच्या प्रकरणात असे ठरवले, की मृत्युपत्रात संपत्ती केवळ 'धर्मा'साठी ठेवणे संदिग्धतेमुळे निरर्थक ठरते. 'धर्म' शब्दाचे विल्सनच्या कोशातील अर्थ पाहून न्यायाधीशांना वाटले, की इतक्या व्यापक शब्दाची अंमलबजावणी न्यायालय करू शकणार नाही. भाषांतराच्या अभ्यासकाला हा निवाडा उद्बोधक वाटेल. एका भाषेत रोजच्या वापरामुळे स्पष्ट असलेला शब्द दुसऱ्या भाषेच्या कोशातून पाहिल्यावर धूसर झाला, आणि त्या धूसरतेची किंमत एका धर्मदायाला मोजावी लागली.

पुढे हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७९च्या निवाडासंग्रहांत प्रसिद्ध झालेल्या या निर्णयात प्रश्न असा होता, की गिऱ्हाइकाकडून बिलातून घेतलेला 'धर्मादा' गिरणीचे उत्पन्न मानून त्यावर आयकर लावायचा काय? न्यायालयाने 'धर्म' आणि 'धर्मादा' यांत भेद केला. मृत्युपत्रातील 'धर्म' संदिग्ध असेल, परंतु व्यापाऱ्यांच्या रूढीतील 'धर्मादा' या शब्दाला लोकोपयोगी दानाचा निश्चित अर्थ आहे, असे सांगून ती रक्कम गिरणीचे उत्पन्न नव्हे, गिरणी तिची केवळ विश्वस्त आहे, असा निर्णय दिला. प्रिव्ही कौन्सिलने कोश पाहिला होता, सर्वोच्च न्यायालयाने प्रयोग पाहिला.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या निर्णयातील दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. गिऱ्हाइकाला ही रक्कम भरावीच लागे, तेव्हा ती किमतीचाच भाग होय, असे आयकर खात्याचे म्हणणे होते. भरणे सक्तीचे असले तरी रक्कम धर्मकार्यासाठीच बांधलेली आहे, म्हणून ती किंमत ठरत नाही, असे न्यायालयाचे उत्तर होते. कायद्याच्या दृष्टीने ते पटणारे आहे. दानाच्या दृष्टीने मात्र एक विचित्र स्थिती निर्माण होते. पैसा गिऱ्हाइकाचा, पुण्य व्यापाऱ्याच्या पेठेचे, आणि गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणण्यासाठी मालच नाकारावा लागतो. रक्कम क्षुल्लक असते म्हणून कोणी तक्रार करीत नाही, इतकेच.

कंपन्यांच्या बाबतीत याच प्रश्नाने अलीकडे वेगळे वळण घेतले. २०१३च्या कंपनी अधिनियमातील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी आणि कंपनी जेथे काम करते त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे, असे त्यात म्हटले आहे. आरंभी या तरतुदीत नकाराला जागा होती. खर्च न केल्यास संचालक मंडळाने आपल्या अहवालात कारण सांगावे, एवढेच बंधन होते. जानेवारी २०२१ पासून ते पुरेसे राहिले नाही. न खर्चलेली रक्कम मुदतीत ठरवून दिलेल्या निधीकडे अथवा चालू प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्याकडे वळवावी लागते. म्हणजे जे दानासारखे सुरू झाले होते, ते कराच्या जवळ येऊन पोचले. हे चांगले की वाईट, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. आपण फक्त एवढेच टिपून ठेवू, की सात वर्षांपर्यंत कंपनीला कारण सांगून 'नाही' म्हणता येत होते.

५. कचेरी : लेखी नकार

कचेरीतील वर्गणीची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. एका विद्यापीठात मी अध्यापन करीत असताना एका निधीसाठी यादी फिरत असे. डाव्या बाजूला ज्येष्ठतेनुसार नावे, मग रकमेचा रकाना, मग सही. पहिली रक्कम विभागप्रमुखांची. खालची प्रत्येक रक्कम ती पाहून, पायरीपायरीने उतरत जाई. एका सहकाऱ्याने एकदा रकमेच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. त्या वर्षी त्याच्या घरी दीर्घ आजार होता, आणि ते आम्हांपैकी दोघांनाच ठाऊक होते. पुढे ती यादी ज्यांच्या ज्यांच्या हाती गेली त्यांनी रकमा वाचल्या नाहीत, रेघ वाचली. यादी घेऊन आलेला शिपाई टेबलापाशी मुकाट्याने उभा असे. तो उंबरठ्यावरचा स्वयंसेवक नव्हता. नकार ऐकून घेण्याचा आणि स्वतःपाशी ठेवण्याचा अधिकार त्याला नव्हता. नकाराला तोंडी जागा नव्हती, म्हणून तो कागदावर गेला.

हीच गोष्ट राज्याच्या पातळीवर केरळात घडली. ऑगस्ट २०१८च्या महापुरात तेथे चारशेहून अधिक माणसे दगावली आणि पुनर्वसनासाठी प्रचंड निधीची गरज निर्माण झाली. राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना एका महिन्याचे वेतन मुख्यमंत्र्यांच्या मदत निधीस देण्याचे आवाहन केले. ही मोहीम 'सॅलरी चॅलेंज' या नावाने ओळखली गेली. रक्कम हप्त्यांनी देण्याची सोय होती. परंतु ज्यांना द्यावयाचे नाही त्यांनी तसे लेखी कळवावे, अशी अट होती. या लेखाला मलयाळममध्ये 'विसम्मतपत्रम्' असे म्हटले गेले. संमती गृहीत धरली गेली आणि असंमतीला पत्राचे रूप आले. केरळ उच्च न्यायालयाने ही अट ऑक्टोबर २०१८ मध्ये स्थगित केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी त्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ज्याला देणे शक्य नाही त्याने आपली असमर्थता जाहीर करून स्वतःला कमीपणा का आणावा, हा सुनावणीतील कळीचा प्रश्न होता.

ही पद्धत एका राज्यापुरती अथवा एका पक्षाच्या सरकारपुरती नव्हती. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत केंद्र सरकारच्या महसूल विभागाने काढलेल्या परिपत्रकातही कर्मचाऱ्यांनी दरमहा एक दिवसाचे वेतन पीएम केअर्स निधीस द्यावे आणि ज्यांची हरकत असेल त्यांनी ती लेखी कळवावी, असे सुचवले होते.

या पद्धतीचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. आपत्तीत वेळ थोडा असतो, दारोदार जाणे शक्य नसते, आणि संमती गृहीत धरल्यास निधी अधिक जमतो. केरळात असंख्य कर्मचाऱ्यांनी मनापासून पूर्ण वेतन दिले, हेही विसरता येणार नाही. त्यांच्या देण्याचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. उलट प्रश्न त्यांच्याच बाजूने विचारावयाचा आहे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला नकाराची भीती वाटत असेल, तर ज्याने खुशीने दिले त्याच्या खुशीचा पुरावा कोणता? दोघांच्या वेतनपत्रकावर ओळ एकच उमटते. नकाराची जागा बुजवली की दानही ओळखता येत नाही. पहिली हानी न देणाऱ्याची होते, पण दुसरी खऱ्या देणाऱ्याचीच होते.

६. तीन व्याकरणे

आता या तिन्ही ठिकाणची वाक्ये शेजारी ठेवून पाहू. उंबरठ्यावरच्या आवाहनाचे ठरलेले क्रियापद विध्यर्थी असते : 'आपण यथाशक्ति साहाय्य करावे.' कर्ता 'आपण' आहे, क्रिया त्याच्या इच्छेवर सोडलेली आहे, आणि 'यथाशक्ति' या एका क्रियाविशेषणात कमी देण्याची, प्रसंगी न देण्याचीही मुभा सामावलेली आहे. बाजारातील बिलात वाक्यच नाही. 'धर्मादाय' हे एकटे नाम आणि त्यापुढे आकडा. कर्ता नाही, क्रियापद नाही, म्हणून नकार कोणत्या शब्दाला जोडावा हेही कळत नाही. कचेरीच्या परिपत्रकाची भाषा कर्मणी आणि भविष्यकालीन असते : 'वेतनातून कपात करण्यात येईल.' कपात कोण करणार हे सांगितलेले नसते आणि देणारा वाक्यात कोठेच नसतो. तो येतो तो फक्त पुढच्या संकेतार्थी वाक्यात : 'हरकत असल्यास लेखी कळवावे.' या गद्यात माणूस कर्ता होतो तो केवळ नकार देण्यापुरता. होकाराचे वाक्य त्याच्या वाट्याला येतच नाही.

पावतीही वाचण्यासारखी आहे. 'श्री. अमुक यांजकडून रुपये इतके, अक्षरी इतके, साभार मिळाले.' हिंदी पावतीत हेच 'सधन्यवाद प्राप्त हुए' असे येते. येथे देणाऱ्याचे नाव आरंभी आहे आणि आभार संस्थेने मानलेले आहेत. मराठी नियतकालिकांत 'साभार पोच' हे सदर आलेल्या पुस्तकांसाठी चालते आणि संस्थांच्या अहवालांत त्याच शब्दांखाली देणग्या नोंदवल्या जातात. पुस्तक काय आणि पैसा काय, दोन्ही कोणीतरी आपणहून पाठवले, ही जाणीव त्या शब्दांत आहे. वेतनपत्रकावरील कपातीच्या ओळीला अशी पोच नसते.

यादीचे मात्र दोन प्रकार केले पाहिजेत. देण्यापूर्वी फिरणारी यादी आणि दिल्यानंतर छापली जाणारी यादी. पहिली दडपण आणते, दुसरी हिशेब देते. 'लोकसत्ता' दैनिकाने २०११ पासून गणेशोत्सवाच्या काळात 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम चालवला. त्यात दहा संस्थांची ओळख करून देणारे लेख छापले जात, वाचक धनादेश पाठवत, आणि त्यांची नावे पुढे प्रसिद्ध होत. येथे आवाहन व्यक्तिचित्राच्या आणि संस्थावृत्ताच्या रूपात येते. वाचणारा घरी बसून वाचतो, आणि ज्याने दिले नाही त्याचे नाव कोठेच येत नाही. रकाना देणाऱ्यांचाच असतो, रेघेला जागा नसते. उंबरठ्याचा शिष्टाचार छापील माध्यमात कसा आणता येतो, याचे हे एक उदाहरण आहे.

७. समारोप

वरील विवेचनातून एक साधी कसोटी हाती येते. कोणत्याही सार्वजनिक निधीचे आवाहन वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात : होकाराचे क्रियापद कोणाच्या तोंडी आहे, नकार कोणाला आणि कोणत्या रूपात कळवायचा आहे, आणि त्या नकाराची नोंद कोठे राहते. होकार लेखी आणि नकार अबोल असेल, तर ते दान आहे. होकार गृहीत आणि नकार लेखी असेल, तर त्या कागदाला दुसरे नाव शोधावे लागेल. ते नाव 'कर' असू शकते. कर ही वाईट गोष्ट नाही, परंतु कराला कराचा कायदा आणि कराची चर्चा लागते. दानाच्या भाषेत घेतलेला कर या दोन्हींपासून निसटतो.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना यात करण्यासारखे पुष्कळ काम आहे. भारतीय भाषांतील निधीसंकलकांची आत्मचरित्रे, संस्थांचे अहवाल, पावतीपुस्तके, परिपत्रके, आणि वर्गणी-फाळो-चंदा-पिरिवु या शब्दांचे इतिहास एकत्र वाचले, तर आधुनिक भारतातील 'सार्वजनिक' या कल्पनेची घडण केवळ भाषणांतून व निबंधांतून दिसते त्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसेल. ही साधने झपाट्याने नाहीशी होत आहेत. ऑनलाइन देण्याच्या काळात पावतीचे वाक्य यंत्र लिहिते, आणि संमतीच्या चौकटीत खूण आधीच करून ठेवलेली आहे की ती देणाऱ्याने करावयाची आहे, हाच आता व्याकरणाचा प्रश्न झाला आहे.

बळीच्या कथेत शुक्राचार्यांचा एक डोळा गेला, असे पुराण सांगते. ते दानाच्या आड आले म्हणून त्यांना ही शिक्षा झाली, असाच अर्थ आपण आजवर लावत आलो. परंतु संकल्पाचे पाणी सोडण्यापूर्वी 'थांब, विचार कर' असे म्हणणारे कोणीतरी जवळ होते, म्हणूनच बळीचे देणे हे त्याचे स्वतःचे देणे ठरले. ते न ऐकण्याची मोकळीक त्याला होती, आणि ऐकण्याचीही. आपल्या यादीत, बिलात आणि परिपत्रकात शुक्राचार्यांना बसण्यापुरती जागा ठेवणे, हा दानाला विरोध नाही. दान दान राहण्याची ती पहिली अट आहे.